अ‍ॅप म्हणतं ४० अंश, मग डांबरावर एवढं का भाजतं? कॅम्पसमधल्या उन्हाचं गणित

मे महिना. दुपारी दोनचा पेपर. हॉस्टेल ते परीक्षा भवन अंतर जेमतेम सातशे मीटर. मोबाईलवरचं अ‍ॅप सांगतंय, ४० अंश. पार्किंगच्या डांबरावरून चालताना डोकं फुटेल असं वाटतं. पुढे कडुनिंबाच्या रांगेखाली शिरलात की जीवात जीव येतो. आता तिथंच उभं राहून अ‍ॅप पुन्हा उघडा. आकडा तोच, ४०.

बरं, अ‍ॅपला काय कळतंय, म्हणून खराखुरा थर्मामीटर आणला आणि पार्किंगमधल्या व झाडाखालच्या हवेचं तापमान नीट मोजलं, तरी बहुतेक वेळा फरक एक-दोन अंशांचाच निघतो. मग शरीराला जाणवलेला एवढा मोठा फरक आला कुठून? तो भास होता का?

भास अजिबात नव्हता. शरीराचं म्हणणं बरोबर होतं. अ‍ॅपचा आकडाही बरोबर होता, फक्त तो तुमच्या प्रश्नाचं उत्तर देत नव्हता.

थर्मामीटर स्वतः सावलीत बसलेला असतो

वेधशाळेत हवेचं तापमान मोजायची पद्धत जगभर जवळपास सारखी आहे. पांढऱ्या रंगाची, झडपांची लाकडी पेटी जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीइतक्या उंचीवर ठेवतात. हवा आरपार जाते, पण आतल्या थर्मामीटरवर ऊन पडत नाही. हिला 'स्टीव्हन्सन स्क्रीन' म्हणतात. थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्यानं ती बनवली. ('ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे हे वडील.) पुण्यात शिवाजीनगरच्या 'सिमला ऑफिस'मध्ये म्हणजे हवामान खात्याच्या कार्यालयात काम करणाऱ्यांना ही पेटी चांगली ओळखीची.

म्हणजे बातम्यांमध्ये 'आज पारा ४० वर' असं ऐकता, तेव्हा तो आकडा मोकळ्या, हवेशीर जागेतल्या सावलीतल्या हवेचा असतो. भर उन्हात उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर काय येतंय, ते तो सांगत नाही. ते त्याचं कामच नाही.

खरं तर आपल्या भाषेला हा फरक आधीपासून माहीत आहे. उन्हाळ्याबद्दल बोलताना आपण एकच शब्द वापरत नाही. वारा गरम लागला की *झळ*. तापलेल्या बाकावर बसलो की *चटका*. घाम वाळेना की *उकाडा*. आणि न शिवता, लांबूनच भाजणारी ती *धग*. विज्ञानाच्या पुस्तकात याच चार वाटा वेगळ्या नावांनी येतात.

झळ समजायला सोपी. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून थंड असेल तर वाऱ्यानं गार वाटतं. हवा त्याहून गरम असेल तर तोच वारा अंगात उष्णता ओततो, म्हणून विदर्भात दुपारी लोक तोंडाला उपरणं गुंडाळून गाडी चालवतात. उकाड्याचा संबंध घामाशी. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. एवढा जबरदस्त कूलर आपल्या अंगात आहे. अट एकच, घाम वाळला पाहिजे. नुसता टपकून खाली पडला, तर काही उपयोग नाही.

राहिली धग. कॅम्पसच्या गोष्टीत हीच मुख्य आहे.

होळीसमोर उभे राहा. चेहरा भाजतो, पाठ गार असते. पुढची आणि मागची हवा जवळपास सारखीच आहे, तरी हा फरक. कारण ज्वाळांची उष्णता हवेतून वाहत येत नाही, ती किरणांच्या रूपात सरळ तुमच्या अंगावर आदळते. मे महिन्याच्या दुपारी तुमच्या डोक्यावर अशी एक होळी असतेच. पण सूर्याइतकंच विसरलं जाणारं दुसरं प्रकरण म्हणजे तापलेल्या वस्तू. दुपारी ६० अंशांच्या वर गेलेलं डांबर खालून धग फेकतं. पश्चिमेची सिमेंटची भिंत बाजूनं. काचेची नवी इमारत आणि ओळीनं लावलेल्या गाड्या वरून आलेलं ऊन तुमच्याकडे परतवतात. म्हणजे होळी एक नाही, चारी बाजूंनी चार-पाच आहेत.

या सगळ्या दिशांनी येणाऱ्या धगीची मिळून एक बेरीज करता येते. तिला 'सरासरी विकिरण तापमान' म्हणतात. हवा ४० अंशांवर असताना उघड्या डांबरावर हे तापमान सहज ६०-७० च्या घरात जातं. दाट सावलीत ते हवेच्या तापमानाच्या जवळ येतं. तुमच्या शरीरानं ओळखलेला फरक हा.

टेंपीतली हातगाडी

हे सगळं एका कॅम्पसवर, खऱ्या विद्यार्थ्यांमध्ये फिरून मोजलं गेलंय. जागा आहे अमेरिकेतली अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी, फिनिक्सला लागून असलेल्या टेंपी शहरातली. फिनिक्स म्हणजे वाळवंट. २०२३ मध्ये तिथं ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३.३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त राहिलं. त्या एका वर्षात फिनिक्सच्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. एसी, पाणी, पैसा सगळं असलेल्या देशात.

या विद्यापीठातल्या संशोधक एरियान मिडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न धरला: इथं चालणाऱ्या माणसाला नेमकं काय सोसावं लागतं? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात कॅम्पसवरच्या १,२८४ जणांना वेगवेगळ्या ऋतूंत थांबवून विचारलं गेलं की आत्ता तुम्हाला कसं वाटतंय. 'खूप थंड' ते 'खूप गरम' अशा नऊ पायऱ्या दिल्या होत्या. कुणी उन्हात उभं होतं, कुणी झाडाखाली, कुणी सोलर पॅनेलच्या छताखाली. त्याच वेळी बाजूला यंत्रं चालू होती.

निष्कर्षात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, सावलीमुळे लोकांचं उत्तर साधारण एक पायरी खाली आलं. हिवाळा सोडला तर सगळ्या ऋतूंत सावलीत जास्त बरं वाटलं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लोकांना किती गरम वाटतंय हे हवामानाच्या कोणत्या मोजमापावरून ओळखता येतं, हे तपासलं तेव्हा ठळकपणे एकच मोजमाप पुढे आलं, ते म्हणजे ग्लोब तापमान. हवेचं तापमान नव्हे. ग्लोब तापमान म्हणजे गडद रंगाच्या पोकळ गोळ्याच्या आत ठेवलेल्या थर्मामीटरचा आकडा. तो गोळा आपल्यासारखाच ऊन खातो, धग खातो आणि वाऱ्यानं निवतो.

पुढे मिडेल यांनी एक हातगाडीच बनवली. बागेत माती वाहायला असते तशी गाडी, तिच्यावर हवा, दमटपणा, वारा आणि सहाही दिशांनी येणारी किरणं मोजणारी उपकरणं. नाव ठेवलं 'मार्टी'. १९ जून २०१६ रोजी, फिनिक्समध्ये पारा जवळपास ४८ अंशांवर गेला त्या दिवशी, ही गाडी सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत कॅम्पसभर फिरवली. (गाडी ढकलणाऱ्यांचे हाल काय झाले असतील, याचा शोधनिबंध कुणी लिहिला नाही.) झाडांच्या सावलीत दुपारचं विकिरण तापमान उन्हातल्यापेक्षा ३० अंशांहूनही जास्त कमी असू शकतं, हे त्या दिवशी दिसलं.

इथं एक खुलासा करायला हवा. विकिरण तापमानातले ३० अंश म्हणजे हवेचे ३० अंश नव्हेत. झाडाखाली काही महाबळेश्वर होत नाही. पण अंगावर येणारा एकूण भार प्रचंड कमी होतो. जागतिक तापमानवाढीमुळे हवेत वाढलेले अंश कोणताही कुलगुरू एकट्यानं खाली आणू शकत नाही. पार्किंगपासून वर्गापर्यंतची धग मात्र आणू शकतो.

अ‍ॅपच्या आकड्याला फक्त १० टक्के मार्क

सैन्याला ही गोष्ट फार आधी कळली. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या मरीन दलात भरती झालेली तरुण मुलं कवायतीत उष्माघातानं कोसळत होती. तेव्हा 'वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर' नावाचा निर्देशांक तयार झाला. आज सैन्य, क्रीडा संघटना, कारखाने तो वापरतात. त्याचं सूत्र मजेशीर आहे: ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या आकड्याचे ७० टक्के, काळ्या गोळ्याच्या आकड्याचे २० टक्के आणि हवेच्या तापमानाचे फक्त १० टक्के.

समजा हवा ४०, ओला थर्मामीटर २६ आणि काळा गोळा ५२ दाखवतोय. उत्तर येतं ३२.६. याच मैदानाच्या कडेला झाडाखाली हवा ४०, ओला २५ आणि गोळा ४२ असेल, तर २९.९. वाचताना फरक छोटा वाटतो, पण या निर्देशांकावर २-३ अंश म्हणजे 'बेतानं कवायत करा' आणि 'आज कवायत नको' यांच्यातलं अंतर. एनसीसीची परेड, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मैदानी चाचण्या, हे सगळं आपल्याकडे अजूनही 'आज तापमान किती आहे रे?' एवढ्यावरच ठरतं. तेही कुणी विचारलं तर.

आणि ही केवळ आरामाची गोष्ट नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो लोक कित्येक तास उघड्यावर बसले होते. १४ जणांचा जीव गेला. त्या भागात तेव्हा तापमान ३८ अंशांच्या आसपास नोंदवलं गेलं होतं. विदर्भातल्या माणसाला एप्रिलमधले ३८ अंश काहीच वाटणार नाहीत. पण ते ३८ सावलीतले होते, लोक उन्हात होते आणि हवा किनाऱ्याजवळची, दमट होती.

सावली सावलीत फरक असतो

'मार्टी'च्या पुढच्या फेऱ्यांमध्ये सावल्यांचीच तुलना केली गेली. दुपारी धग कमी करण्यात सगळ्यात पुढे निघाली इमारतींची सावली, मग झाडांची आणि शेवटी हलक्या छतांची, म्हणजे छत्र्या, कापड, पत्रा वगैरे. कारण उघड आहे. पातळ पत्रा स्वतः तापतो आणि वरून धग टाकू लागतो. लग्नाच्या मांडवात दुपारच्या पंगतीला बसलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही.

इमारतीची सावली चालणाऱ्याच्या कामी यावी म्हणून रस्त्यालगत कमानी, व्हरांडे, जोडमार्ग लागतात. मुंबईत सीएसएमटीपासून फ्लोरा फाउंटनकडे डी. एन. रोडच्या कमानींखालून चालून बघा. १८९६ च्या नियमानं तिथल्या इमारतींना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानी ठेवाव्या लागल्या, त्यावर शंभर-सव्वाशे वर्षांनीही लोक ऊन-पाऊस टाळून चालतात. आयआयटी मुंबईत विभागांना जोडणारा लांबलचक कॉरिडॉर याच कामी येतो. उलट हल्लीच्या कित्येक नव्या कॅम्पसवर प्रत्येक विभागाची सुटी, काचेची, फोटोत छान दिसणारी इमारत असते आणि दोन इमारतींच्या मध्ये तापलेल्या पेव्हर ब्लॉकचं मैदान. ड्रोन शॉट सुंदर येतो, हे मान्य.

झाडांचंही तसंच. कोणतंही झाड म्हणजे सावली नव्हे. टेंपीच्या कॅम्पसवर 'पाम वॉक' नावाचा प्रसिद्ध रस्ता आहे, दोन्ही बाजूंना उंचच उंच पाम. पोस्टकार्डावर शोभणारा, पण चालणाऱ्याच्या डोक्यावर जवळजवळ काहीच नाही. शंभरेक वर्षांची ती झाडं आयुष्य संपत आल्यानं बदलायची वेळ आली, तेव्हा विद्यापीठानं जास्त सावली देणारे खजुराचे पाम लावले. खजूर मिळतो तो वेगळाच. आपल्याकडे मात्र 'सुशोभीकरण' म्हटलं की अजूनही गेटपासून मुख्य इमारतीपर्यंत बॉटल पामची रांग ठरलेली. त्या पामची सावली पाहुण्यांच्या स्वागताला पुरते, विद्यार्थ्याच्या डोक्याला नाही.

शिवाय झाड कोणत्या महिन्यात पानांनी भरलेलं असतं, हे कुणी विचारत नाही. गुलमोहर फुलतो तेव्हा डोळ्यांना थंड वाटतं, पण ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर त्याच्या अंगावर पानं फारशी नसतात. पळसाचंही तेच. करंज मात्र थोड्या दिवसांची पानगळ उरकून एप्रिलच्या सुमारास पोपटी पानांनी गच्च भरतो. कडुनिंब, वड यांचंही मे महिन्यात बरं चाललेलं असतं. परीक्षा मे महिन्यात असतील, तर झाड मे महिन्यात सावली देणारं हवं, एवढं साधं आहे ते.

पांढऱ्या रंगाचा उपाय ऐकायला फार छान वाटतो. गच्चीवर तो उत्तमच, खालची खोली निवते. पण जमिनीवर? लॉस एंजेलिसमध्ये रस्त्यांना ऊन परतवणारा फिकट लेप दिला आणि 'मार्टी' फिरवली. रस्त्याचा पृष्ठभाग साधारण ४ ते ६ अंशांनी थंड झाला. पण त्यावर उभ्या राहिलेल्या माणसासाठी भरदुपारी विकिरण तापमान सुमारे ४ अंशांपर्यंत वाढलं. परतवलेलं ऊन कुठं तरी जाणारच, ते चालणाऱ्याच्या अंगावर गेलं. हिरवळीचा पृष्ठभाग थंड असतो, पण उघड्या लॉनवर दुपारी कुणी बसत नाही आणि पाणी मात्र रोज लागतं. प्लॅस्टिकचं टर्फ तर भर उन्हात डांबराइतकं किंवा त्याहूनही जास्त तापतं. हिरवा रंग बघून फसू नका.

सोलर पॅनेलची छतं हा मधला मार्ग. टेंपीच्या त्या पहिल्या अभ्यासात लोकांना झाडाची सावली आणि पॅनेलची सावली यांत आरामाच्या दृष्टीनं लक्षणीय फरक वाटला नव्हता. झाड वाढायला दहा-पंधरा वर्षं घेतं, पॅनेल काही आठवड्यांत उभं राहतं आणि वीजही देतं. मराठवाड्यासारख्या भागात, जिथं उन्हाळ्यात टँकर येतो तिथं पार्किंग आणि बसथांब्यावर याचा विचार करायलाच हवा. झाडं तोडून पॅनेल लावणं हा मात्र वेगळाच विनोद.

टेंपीचं उत्तर पणजीला चालेल का?

अर्धंच. टेंपीची हवा कोरडी आहे. तिथं सावलीत गेलात की घाम झटकन वाळतो आणि शरीर स्वतःला सांभाळून घेतं. नागपूर, अकोला, चंद्रपूर, जळगाव या भागांतला मे महिना याच जातीचा, म्हणून तिथं सावलीचा पैसा पूर्ण वसूल होतो. मुंबई, रत्नागिरी, पणजीला हवा आधीच दमट. सावलीनं धग जाते, उकाडा राहतो. तिथं सावलीइतकाच वारा लागतो. चारी बाजूंनी बंद अंगण, दाट झुडपांची कुंपणं आणि वारा अडवणारी लांब इमारत किनाऱ्यावर त्रासाची ठरते. उंच खोडाची, वर पसरलेली झाडं बरी, खालून हवा खेळते.

रात्रीचाही एक पेच आहे. दिवसभर साठलेली उष्णता रात्री मोकळ्या आकाशाकडे निघून जाते. दाट इमारती आणि दाट झाडं आकाश झाकतात, त्यामुळे सूर्यास्तानंतर तिथली धग थोडी रेंगाळते. 'मार्टी'लाही झाडांखाली संध्याकाळनंतर थोडं वाढलेलं विकिरण तापमान दिसलं. दुपारच्या फायद्यापुढे हे नुकसान किरकोळ. पण वरच्या मजल्यावरच्या हॉस्टेलच्या खोलीत राहणाऱ्याला रात्रच जड जाते, त्यामुळे सावली रस्त्यावर आणि मोकळं आकाश वसतिगृहाजवळ, असा तोल साधता आला तर बघावा.

आणि कॅम्पस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विद्यार्थी येतात. विद्यार्थी दहा मिनिटं उन्हात असतो. गेटवरचे सिक्युरिटीवाले काका बारा तास असतात, बहुतेक वेळा पत्र्याच्या केबिनमध्ये. माळीकाम करणाऱ्या मावशी, बांधकामावरची माणसं, प्रवेशाच्या खिडकीसमोर रांगेत उभे राहिलेले पालक, यांच्या वाट्याची धग कुठल्याच आकड्यात येत नाही.

ती मोजणं फार अवघड नाही. टेबल टेनिसचा चेंडू घ्या, करडा किंवा काळा रंगवा, छोटं भोक पाडून वायरवाल्या स्वस्त डिजिटल थर्मामीटरचं टोक त्याच्या मध्यभागी बसवा. संशोधकही असे चेंडू वापरतात. दुपारी दोन वाजता तो गेटच्या केबिनमध्ये, पार्किंगमध्ये, बॉटल पामखाली आणि करंजाखाली प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं टांगा आणि आकडे लिहून काढा. शेजारी अ‍ॅपचा आकडाही लिहा. मग तो कागद, पुढच्या पावसाळ्यातल्या वृक्षारोपणाची यादी ठरायच्या आधी, इस्टेट विभागाच्या टेबलावर नेऊन ठेवा.